नवीन फ्लाइट सिम (विमान उडवायचा कॉम्प्युटर गेम) घेतलेलं कुणी आहे का? माझं ९१ टक्क्यांवर अडकलंय (मराठवाडा मंडळी इकडं या)

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ११:४२

राम राम मंडळी. धागा काढायचा नव्हता पण आता राहवंना. तो नवा सिम आज निघाला, नाव लिहीत नाही, मागच्या वेळी नाव लिहिलं तर भांडणं लागून धाग्याला कुलूप लागलं होतं, ज्याला कळायचं त्याला कळलं.

सहा महिने थांबलो ह्याच्यासाठी. ४६०० रुपये मोजले, सोयाबीनचे पैसे आले तेव्हा अण्णांना सांगून बाजूला काढलेले. संध्याकाळी सहाला इन्स्टॉल झाला, सव्वासहाला चालू केला अन् तेव्हापासून लोडिंग ९१ टक्के. पुढं हलंना मागं जाईना. स्क्रीनवर विमान ढगातनं चाललंय असं चित्र, मागं पियानो वाजायलाय, त्या पियानोचा एवढा वैताग आलाय की आवाजच बंद केला.

पीसी म्हणाल तर आय फाइव्ह, ३०६० कार्ड, १६ जीबी रॅम. गावात फायबर आलंय, कागदावर १०० एमबीपीएस. अण्णा जेवून अंगणात चालले की दारातनं डोकावतात अन् विचारतात, "आलं का इमान?" जसं काय स्टँडवर गेवराईची एसटी धरायला बसलोय.

कुणाचं चालू झालंय का? काय केलं ते सांगा.

येळवस_लातूर | शुक्रवार, रात्री ११:५१

सेम भाऊ. माझं ९१ नाही ८८. तू तीन टक्के पुढं आहेस, नशीबवान.

फक्त_वाचतो | शुक्रवार, रात्री ११:५८

राउटर बंद करून चालू कर.

गोदाकाठ | शनिवार, रात्री १२:०३

चार वेळा केला. पाचव्या वेळी केला तर शेजारच्या वहिनीचा टीव्ही बंद पडला, त्यांचं नेट बी माझ्याच राउटरवर आहे. आता त्या पण जाग्या आहेत.

जर्मनी_परभणी | शनिवार, रात्री १२:१५

मी आत गेलो!!! पण खुश होऊ नका. आत गेलो तर विमानांची यादी रिकामी, एकच ग्लायडर दिसायलाय अन् त्याला बी कुलूप. करिअर मोड दाबला तर म्हणतंय आधी लायसन काढा, लायसनची परीक्षा दाबली तर काळी स्क्रीन. म्हटलं जाऊ द्या नकाशा तरी बघू, आपलं गाव शोधू, तर नकाशात परभणीच नाही. जालना आहे, नांदेड आहे, मधी निस्तं हिरवं रान. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात, इथं जर्मनीत झाडाचं पान अन् पान काढलंय अन् परभणी गायब.

येळवस_लातूर | शनिवार, रात्री १२:१९

😂😂😂 जर्मनी तरी दिसली ना, अर्धी म्हण खरी झाली

नांदेड_अप्रोच | शनिवार, रात्री १२:५५

जरा मोठं लिहितो, झोप तशीही येत नाही. मी सर्व्हरच्याच कामात आहे (ह्या कंपनीत नाही, आधीच सांगतो, नाहीतर शिव्या मला पडतील).

तुमच्या पीसीचा अन् नेटचा ह्यात दोष नाही. आताचे सिम पूर्वीसारखे सगळे डिस्कवर नसतात. जमिनीचं चित्र, उंची, इमारती, काही विमानं सुद्धा, उडता उडता सर्व्हरवरून येतात. अख्ख्या पृथ्वीचा डेटा कुणाच्याच घरच्या हार्डडिस्कवर मावणार नाही, त्यामुळं कल्पना चुकीची नाही. पण चालू करताना गेम सर्व्हरला विचारतो की ह्या माणसाकडं काय काय आहे, कोणती विमानं, कोणतं लायसन. तिथं गर्दी झाली की यादी अर्धवट येते किंवा येतच नाही. परभणीकराला रिकामी यादी दिसली ती त्यामुळं. (परभणी गायब होणं वेगळा विषय, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.)

मोंढ्याचं (धान्य बाजाराचं) उदाहरण घ्या. गेटच्या आत काटा एकच अन् बाहेर गाड्या पाचशे. काटा बिघडलेला नाही, तो बिचारा मोजतोच आहे. पण लोक काय करतात, अर्धा तास थांबतात, वैतागतात, गाडी रांगेतनं काढतात अन् परत शेवटी लावतात. प्रत्येक वेळी पावती नव्यानं. तुम्ही गेम बंद करून परत चालू करता म्हणजे तेच करता, रांग आणखी लांब होते.

हे पहिल्यांदा होत नाहीये. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आला तो १९ नोव्हेंबर २०२४ ला, तेव्हा जगभर लोक ९७ टक्क्यांवर अडकून बसले होते. विमानं गायब, स्टीमवर (गेम विकायचं ऑनलाइन दुकान) नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस. मग बनवणाऱ्यांनी व्हिडिओ काढून सांगितलं की २ लाख नकली युजर घेऊन चाचणी केली होती, तरी खऱ्या गर्दीत डेटाबेसचा कॅशे (पटकन देता यावा म्हणून जवळ ठेवलेला डेटा) बसला. त्याच्या आधीचा, ऑगस्ट २०२० चा आला तेव्हा रडणं वेगळं होतं. स्टीमवरून छोटा इन्स्टॉलर यायचा अन् बाकीचा डोंगर गेमच्या आतून डाउनलोड व्हायचा, तो सगळा वेळ "खेळलेला वेळ" म्हणून मोजला जायचा. रिफंडची मर्यादा दोन तास. म्हणजे विमान बघायच्या आधीच हक्क संपला.

गोदाकाठ | शनिवार, रात्री १:०२

थांबा थांबा. म्हणजे माझे आत्ताचे सात तास पण मोजायलेत का?

नांदेड_अप्रोच | शनिवार, रात्री १:०४

बघ स्टीमच्या लायब्ररीत.

गोदाकाठ | शनिवार, रात्री १:०६

६ तास ४८ मिनिटं.

झोपतो.

येळवस_लातूर | शनिवार, रात्री १:०९

झोप कसली, जागल झाली ही. फरक एवढाच की रानात जागल केली तर डुकरं तरी दिसतात.

देवगिरी_डावीकडे | शनिवार, सकाळी ७:२०

पहाटे येरवाळी उठून चार वाजता लावला अन् चालू झाला! गर्दी कमी असेल. सगळ्यांनी हीच ट्रिक करा.

पण आत गेल्यावरचं ऐका. चिकलठाण्यावरून (संभाजीनगरचं विमानतळ) सेसना १७२ घेतली, छोटं विमान. उडालो, डावीकडं वळलो, म्हटलं आधी दौलताबाद. गेलो तर किल्लाच नाही. म्हणजे डोंगर आहे पण कसा, उकिरड्यासारखा, चहूबाजूंनी गुळगुळीत उतार अन् वर झाडी. अरे ज्या किल्ल्याचा अख्खा डोंगर खालून उभा तासलाय, जिथं शिडी लावून सुद्धा चढता येऊ नये म्हणून माणसांनी खडक कापून काढला, तिथं गेममध्ये म्हशी चरतील एवढा उतार. चांदमिनारच्या जागी तीन मजली फ्लॅट. गच्चीवर पाण्याच्या टाक्या पण दिल्यात, सोय चांगली आहे.

मग वेरूळ. कैलास लेण्याच्या जागी काय असेल ओळखा. तळं. छोटं निळं तळं.

नांदेड_अप्रोच | शनिवार, सकाळी ८:०५

तळ्याचं कारण मी सांगू शकतो बहुतेक. कैलास लेणं वरून खाली कोरलंय, म्हणजे आकाशातून बघितलं तर तो एक खड्डा अन् खड्ड्यात देऊळ. वरून काढलेल्या फोटोत खड्ड्यात सावली, गडद डाग. कॉम्प्युटरला गडद डाग म्हणजे पाणी. त्यानं पाणी भरलं.

अन् देवगिरीचा कडा गेला तो उंचीच्या डेटामुळं. जगभरासाठी जो फुकट डेटा वापरतात त्यातला बराच फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलनं रडारनं मोजलेला, त्यात साधारण दर ३० मीटरला एक उंचीचा आकडा. दोन आकड्यांच्या मधला उभा कडा त्याला दिसतच नाही, तो सरळ रेघ ओढून उतार करतो. ह्या गेमनं नेमका कोणता डेटा घेतला ते त्यांनाच ठाऊक, पण लक्षण तेच आहे. बाकी ह्या मशीनी कामात विनोद होतातच, २०२० वाल्या सिममध्ये मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत २१२ मजली मनोरा उभा राहिला होता. ओपन स्ट्रीट मॅपवर (लोकांनीच बनवलेला फुकट नकाशा) कुणीतरी २ च्या जागी २१२ टाइप केलं होतं, बस.

जर्मनी_परभणी | शनिवार, सकाळी ८:११

२१२ मजले द्या आम्हाला, निदान परभणी दिसेल तरी

देवगिरी_डावीकडे | शनिवार, सकाळी ८:४०

अजून एक राहिलं. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून ट्रक चाललेत. खरंच. धावपट्टीच्या टोकाला रस्ता आडवा काढलाय अन् त्यावरून ट्रकांची रांग, मी टेकऑफ घेतोय अन् समोरून ट्रक, दोनदा धडकलो. तिसऱ्या वेळी ट्रक माझ्या आरपार गेला. स्क्रीनशॉट टाकलाय खाली, कॅप्शन सुचवा.

फक्त_वाचतो | शनिवार, सकाळी ८:४३

"पुढे गतिरोधक आहे"

येळवस_लातूर | शनिवार, सकाळी ८:४६

"हॉर्न ओके प्लीज" 😂 बोइंगच्या मागं लिहा

जर्मनी_परभणी | शनिवार, सकाळी ८:५०

टोल भरला का रे विमानानं

चिकलठाणा_काका | शनिवार, सकाळी ९:३५

पोरांनो, तुमचं चालू द्या, तुम्हाला माहीत नसणार म्हणून फक्त लिहितोय.

तो ट्रक खरा होता. २६ एप्रिल १९९३. भर दुपार, एप्रिलातलं आपल्याकडचं ऊन. मुंबईला जाणारं बोइंग ७३७, आत ११८ माणसं. धावपट्टीच्या टोकाला पलीकडून बीड रोड जायचा अन् त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक होता. विमान उशिरा उचललं गेलं अन् चाकं ट्रकला लागली. तसंच थोडं पुढं गेलं अन् विजेच्या तारांना लागून पडलं. ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा अन् चुकीच्या पद्धतीनं उचललं हे निघालं, अन् दुसरं हे निघालं की विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहतूक कुणी थांबवत नव्हतं.

मी तेव्हा एमआयडीसीत शिफ्टला होतो. धूर आम्हाला दिसला, आधी वाटलं कुठल्यातरी कंपनीला आग लागली. संध्याकाळी घरी येताना रस्त्याच्या कडेला कापूस उडालेला होता. बाकी काय बघितलं ते लिहीत नाही.

मी सिम वगैरे खेळत नाही, नातू खेळतो म्हणून इथं वाचतो.

देवगिरी_डावीकडे | शनिवार, सकाळी ९:५८

काका माफ करा. खरंच माहीत नव्हतं. स्क्रीनशॉट काढून टाकला.

चिकलठाणा_काका | शनिवार, सकाळी १०:१०

अरे तुझं काय चुकलं. राहू दे की चित्र. कंपनीला पाठव, त्यांना कळू दे.

पंख_धाराशिव | शनिवार, सकाळी ११:२५

काकांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी कमर्शियल पायलट लायसनची तयारी करते, अजून बरेच तास बाकी आहेत (एकूण २०० लागतात). घरच्या सिमचे तास लायसनसाठी धरले जात नाहीत, डीजीसीएला (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मान्य असलेली मशीन वेगळी असते. तरी आम्ही सगळे घरी सिम लावतो, कारण खऱ्या विमानाचा एक तास म्हणजे आईच्या भाषेत एक तोळा. चेकलिस्ट पाठ करणं, रेडिओवर काय बोलायचं, विमानतळाभोवती चौकोन कसा मारायचा, हे घरी बसून पक्कं होतं.

त्यामुळं म्हशी चरतील असा किल्ला दिसला तर मला हसू येतं पण खालचं बघून राग आला. काल रात्री मी गेममध्ये तापमान ४३ ठेवलं, चिकलठाणा, समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फूट, विमान पूर्ण भरलेलं. खऱ्यात अशा उन्हात हवा विरळ असते, इंजिनाचा जोर कमी, पंखाला उचल कमी, धावपट्टी कितीतरी जास्त लागते. उन्हाळ्यात आम्हाला सकाळी लवकर उडवतात त्यामागं हे पण एक कारण. मग तापमान १० केलं अन् परत उडाले. दोन्ही वेळा विमान बरोब्बर त्याच पांढऱ्या पट्ट्यावर उचललं. म्हणजे जाहिरातीत "खरी हवा, खरं हवामान" म्हणून ओरडले ते नुसतं ढगांचं चित्र आहे, विमानाला ऊन लागतच नाही.

एखादं नवीन पोरगं हेच खरं समजून शिकलं तर?

बियाणे_भांडार | शनिवार, दुपारी १२:४०

ताई बरोबर बोललीस. माझं जालन्यात बियाण्याचं दुकान आहे, सिमचा नाद वीस वर्षांपासून. आमच्याकडं बियाणं उगवलं नाही तर शेतकरी तक्रार करतो, कृषी खात्याचा माणूस रानात येतो, पंचनामा होतो, पिशवीवरचा लॉट नंबर लिहून घेतात, आम्हाला खुलासा द्यावा लागतो. पैसे मिळतात का, किती मिळतात, ते सोडा, ते वेगळं दुखणं आहे, पण निदान कुणीतरी येऊन रान बघतो. इथं ४६०० ची पिशवी फोडली, उगवलंच नाही, अन् कंपनी म्हणते तुमच्या जमिनीत ओल नव्हती. माझ्या तक्रारीच्या तिकिटाला उत्तर आलं ते वाचा, "कृपया ड्रायव्हर अपडेट करा." बाबांनो ड्रायव्हर अपडेट आहे, विमानच नाहीये.

शांतपणे_घ्या | शनिवार, दुपारी १:१५

सगळे एकाच सुरात रडायलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. अख्खी पृथ्वी बनवलीय लोकांनी. ती पण माणसंच आहेत, महिनोन् महिने रात्री जागून काम करतात, पहिल्या दिवशी गर्दी होणारच. पंधरा दिवस थांबा, सगळं नीट होईल. तुम्हाला कुणी पहिल्याच दिवशी घ्या म्हणून बंदूक लावली होती का? मी प्री-ऑर्डर कधीच करत नाही, सेल लागला की निम्म्यात घेतो.

येळवस_लातूर | शनिवार, दुपारी १:२२

प्री-ऑर्डर केली तर तीन विमानं जास्तीची देतो म्हणाले म्हणून घेतली की शांतराव. ती तीन विमानं कुठायत? मला सोडा, परभणीवाल्याला दाखवा.

नांदेड_अप्रोच | शनिवार, दुपारी १:५०

@शांतपणे_घ्या, बनवणाऱ्या पोरांबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. माझ्या अनुभवात काय कच्चं आहे ते त्यांना सगळ्यात आधी माहीत असतं, याद्या करून वर दिलेल्या असतात. तारीख वरचे ठरवतात, नाताळच्या आधी विक्री झाली पाहिजे म्हणून. माझी तक्रार एवढीच की कच्चं आहे तर कच्चं म्हणून विका. "अर्ली ॲक्सेस" अशी पाटी लावून कितीतरी गेम विकले जातात अन् लोक आनंदानं घेतात, बग शोधून देतात, फुकट. पाटी पक्क्याची अन् माल कच्चा, इथं डोकं फिरतं.

शांतपणे_घ्या | शनिवार, दुपारी २:०५

हे मान्य. पण सर्व्हर पडणं अन् कच्चा माल वेगळं.

पंख_धाराशिव | शनिवार, दुपारी २:०९

४३ डिग्रीचा सर्व्हरशी काही संबंध नाही दादा.

शांतपणे_घ्या | शनिवार, दुपारी २:३१

बरं.

गोदाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:१५

दिवसभर रानात होतो, आत्ता वाचलं सगळं. काका तुमचं दोनदा वाचलं. आम्ही बीड रोडचीच माणसं, जन्म गेला ह्या रस्त्यानं येण्याजाण्यात, कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांना विचारलं तर म्हणाले हो, तेव्हा आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

रिफंड टाकला. कारण लिहिलं, गेम चालूच होत नाही. दहा मिनिटांत उत्तर, मशीनचंच असणार, "आपण हा गेम ११ तास २० मिनिटं खेळला आहात, त्यामुळे..." पुढचं वाचलं नाही. अण्णा विचारायलेत काय झालं, त्यांना कसं सांगू की अकरा तास नुसतं विमानाची वाट बघण्याचे पैसे कापले.

बियाणे_भांडार | शनिवार, संध्याकाळी ६:३०

परत टाक. ह्या वेळेस लोडिंग स्क्रीनचा फोटो जोड, घड्याळासकट. दुसऱ्या वेळी कधीकधी खरा माणूस बघतो. अन् भाषा गोड ठेव.

फक्त_वाचतो | शनिवार, संध्याकाळी ६:३३

राउटर बंद करून

गोदाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:३४

नको.

देवगिरी_डावीकडे | रविवार, सकाळी १०:००

दुरुस्तीचा पॅच आलाय. ३४ जीबी.

येळवस_लातूर | रविवार, संध्याकाळी ७:१२

आमच्याकडं आज येळवस (वेळ अमावस्या). सगळे रानात, भज्जी-आंबील-उंडे. मी एकटाच म्हणतो पॅच लावून येतो. आईनं पातेलं डोक्यावर घेतलं अन् म्हणाली तुझा प्याच घेऊन तूच राहा घरी. शेवटी पीसी चालू ठेवून गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर रस्त्याच्या कामाला आलेल्या जेसीबीनं चौकात फायबर तोडलेली, ३ जीबीवर पॅच मेला. नेटवाल्याला फोन केला तर तो पण रानात, आंबील पिऊन झोपलेला. त्याला कोणत्या तोंडानं बोलणार.

जर्मनी_परभणी | रविवार, रात्री ९:४०

पॅच लावला. परभणी आली!!! रेल्वे स्टेशन आहे, कृषी विद्यापीठाच्या जागेवर खरंच हिरवं आहे. फक्त आता जालना गेलं.

बियाणे_भांडार | रविवार, रात्री ९:४४

काय??

बियाणे_भांडार | रविवार, रात्री ९:५२

गेलं खरंच. दुकान, स्टीलच्या भट्ट्या, मोतीबाग तलाव, सगळं रान झालंय. एकरी किती भाव निघेल बघा.

पंख_धाराशिव | रविवार, रात्री १०:३०

तापमानाचं तसंच आहे. पण मी सगळं मोजून, दहा दहा टेकऑफचे आकडे तक्त्यात भरून त्यांच्या बग पानावर टाकलं, बाकी तीन देशांतल्या लोकांनी खाली "आमच्याकडे पण" लिहिलं, एक जण वाळवंटातला आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त राग. तिकीट "तपासात" झालंय. ट्रकचं पण टाकलंय वेगळं, काकांची तारीख लिहून.

ज्यांना शिकायला सिम हवा त्यांनी तोवर फ्लाइटगिअर वापरा. फुकट आहे, चित्र साधं आहे, पण ऊन-वारा विमानाला लागतो. जुन्या पीसीवर पण चालतो.

चिकलठाणा_काका | रविवार, रात्री १०:४१

शाब्बास बेटा.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ११:१०

चालू झाला.

नांदेडवाल्या दादांनी मेसेजमध्ये सांगितलं होतं ते केलं, जुनं कॅशे फोल्डर उडवलं, जॉयस्टिक काढून ठेवली, अन् गेमला हात न लावता रात्री बाराला लावून झोपलो. सकाळी बघतो तर मेनू. रानातलं काम संपवून रात्री आठला बसलो.

चिकलठाण्यावरून उचललं (ट्रक अजून आहेत, मी अर्ध्या धावपट्टीतच उचललं, पंखताईचं ऊन लागत नाही ते बरंच झालं), गेममध्ये सकाळची वेळ ठेवली, अन् बीड रोड धरून निघालो. आडूळ, पाचोड, शहागडचा पूल. गेवराईकडं ८० किलोमीटर म्हणजे विमानानं पंचवीस मिनिटं, एसटीनं किती ते विचारू नका. गोदावरी आली तेव्हा खरं सांगतो पाच दिवसांचा राग गेला. पाण्यावर सकाळचं ऊन, वाळूचे पट्टे, एकदम तसंच. फ्रेम रेट २२ अन् दर मिनिटाला अडकायलंय, पण गोदावरी ती गोदावरी.

अण्णांना हाक मारली. ते आले, "आलं का इमान?" म्हटलं आलं, बसा. चष्मा लावला. गाव दाखवलं, देऊळ ओळखलं, शाळा ओळखली, आमचं घर पत्र्याचं दाखवतंय, स्लॅब तीन वर्षांपूर्वी टाकला, म्हणजे फोटो जुना आहे. मग म्हणाले रानावर ने. नेलं. खाली घे म्हणाले. घेतलं. अजून खाली. म्हटलं पडंल विमान. पडू दे म्हणाले.

मग ते स्क्रीनला नाक लावून दोन मिनिटं बघत राहिले अन् एकदम ओरडले, "ही बघ बाभळ! बाभळ आपल्या अंगाला आहे! बांध हिच्या पल्याड होता!"

विषय असा आहे की शेजारच्या रानवाल्याशी आमचं बांधावरून चालू आहे. तो दरवर्षी नांगरताना एक तास (नांगराची एक ओळ) आत येतो. अण्णा म्हणतात बाभळ आमच्यात होती, तो म्हणतो त्याच्यात, अन् बाभळ त्यानंच तोडून टाकली. गेममध्ये बाभळ आहे. बांध पण दिसायलाय, बाभळीच्या पलीकडं, पांढरी रेघ.

जर्मनी_परभणी | मंगळवार, रात्री ११:१४

😂😂😂😂 पुढं काय

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ११:२०

पुढं विमान बाभळीत घातलं मी. लक्षच नव्हतं. अण्णा म्हणतात परत आण तिथं, फोटो काढ, उद्या तलाठ्याकडं जायचं.

नांदेड_अप्रोच | मंगळवार, रात्री ११:२८

अण्णांना सांग, जमीन फोटोवर अन् वरच्या बाभळी-इमारती कॉम्प्युटरनं अंदाजानं उभ्या केलेल्या असतात. कैलासच्या जागी तळं भरणाऱ्या गेमचा पुरावा कोण धरणार?

बियाणे_भांडार | मंगळवार, रात्री ११:३३

अर्ज करून सरकारी मोजणी लावा. तेच खरं. पण फोटो काढून ठेव, शेजाऱ्याला दाखवायला बरा.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ११:४०

सांगितलं सगळं. म्हणाले तळ्याचं मला सांगू नको, बाभळ मी लावली होती.

शांतपणे_घ्या | मंगळवार, रात्री ११:४४

मग आता रिफंडचं काय ठरलं?

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ६:५०

आत्ताच मेल आला. दुसऱ्या अर्जाला खऱ्या माणसानं उत्तर दिलंय, पैसे परत द्यायला तयार आहेत, फक्त लिंकवर हो म्हणायचं, मग गेम लायब्ररीतनं जाईल.

अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणतात मोजणी होईपर्यंत हात लावायचा नाही.